चक्कर : अक्षरं तीन, अर्थ किती?

आमच्या घरी सकाळी पेपर आला की पहिलं पान कोणीही वाचावं, शब्दकोड्याचं पान मात्र अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. सिडकोतल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते कोडं सोडवतात, तेही पेनने. पेन्सिल आणि खोडरबर म्हणजे त्यांच्या मते ‘खात्री नसलेल्यांचं सामान’. दुसरा चहा येईपर्यंत आडवे-उभे सगळे शब्द भरून होतात आणि मग तक्रार सुरू होते. “नुसते समानार्थी शब्द विचारतात. ‘सूर्य’ म्हटलं की ‘रवी’. यात डोकं कुठं लागतं?”

म्हणून ते स्वतःच कोडी रचतात. माझ्या दवाखान्यातल्या जुन्या लेटरपॅडच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवतात आणि मी जेवायला बसले की समोर सरकवतात. घरात डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या कोड्यांत आजारपण फार. ही पाच बघा. कंसातला आकडा अक्षरांचा आहे. मराठी कोड्यात एका चौकोनात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासकट एक अख्खं अक्षर बसतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

१. वैद्य मोजून देतो, ‘के’च्या डोक्यावर आयती बसते. (२)
२. समईत तेवते, म्हातारपणी सांध्यांत ठणकते. (२)
३. बिळात असते, कधी बरगडीवरही येते. (३)
४. मुंबईत म्हटलं तर भांडण, संभाजीनगरात म्हटलं तर उपचार. (२)
५. तळपायाला झालं तरी रूपाला बाधा नाही. (३)

एक मिनिट थांबा, प्रयत्न करा. मग पुढे वाचा.

उत्तरं अशी : मात्रा, वात, नागीण, घाटी, कुरूप.

चौथं आपल्या गावचं खास. मुंबईत कोणाला ‘घाटी’ म्हटलं तर तो अंगावर येईल. इथे ‘घाटीत नेलं’ म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं, दुसरा अर्थच नाही. कुरूप म्हणजे सततच्या दाबामुळे तळव्यावर जाड, टणक होणारी त्वचा. आणि नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होणारा आजार. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होऊन शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आणतो. ‘नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो’ ही भीती त्या नावातून आलेली आहे, आजारातून नाही. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. काही जण मात्र ते तीन दिवस विळखा उतरवण्यात घालवतात. शब्दाचा चुकीचा अर्थ धरला की असं होतं.

एका शब्दाचे दोन अर्थ खेळवणं याला शाळेत आपण श्लेष म्हणून शिकलो. आपल्या पैठणचे एकनाथ महाराज यात उस्ताद. त्यांच्या भारुडातला विंचू आधी शेतातला वाटतो आणि ऐकता ऐकता कळतं, की तो काम-क्रोधाचा आहे. चौकोनांचं आधुनिक कोडं त्या मानाने अगदी नवं. आर्थर विन यांनी ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात छापलं. पुढच्या दशकात इंग्रजांनी त्यात श्लेष घातला आणि सरळ प्रश्नाचं फसवं कोडं केलं.

फसतो तो आपला मेंदू. कसा, ते सांगते.

शब्द ऐकताना डोक्यात काय होतं?

१९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक छोटा मजकूर ऐकवला. त्यात ‘बग’ हा इंग्रजी शब्द होता. त्याचे दोन अर्थ : किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्र. आजूबाजूच्या वाक्यांवरून इथे किडाच आहे हे स्पष्ट होतं. तो शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर वेगवेगळे शब्द दाखवले आणि लोक ते किती चटकन ओळखतात हे मोजलं. ‘मुंगी’ हा शब्द चटकन ओळखला गेला, ते अपेक्षितच होतं. पण ‘हेर’ हाही तितकाच चटकन ओळखला गेला! म्हणजे संदर्भ किड्याचा असूनही मेंदूने दोन्ही अर्थ काढून ठेवले होते. वाक्य जरासं पुढे सरकल्यावर, एका सेकंदाच्या आतच, ‘हेर’चा हा फायदा संपला. उरला फक्त किडा.

थोडक्यात, शब्द कानावर पडला की मेंदू त्याचे सगळे अर्थ क्षणभर उघडतो आणि नको असलेले आपल्या नकळत बंद करून टाकतो. रोजच्या बोलण्यात हे वरदान आहे. ‘हार घेऊन ये’ म्हटल्यावर आपण पराभवाचा विचार करत बसत नाही. कोडं रचणारा याच सवयीचा फायदा घेतो. ‘समई’ आणि ‘सांधे’ असे दोन लांबचे शब्द शेजारी ठेवतो आणि मेंदूला गोंधळात टाकतो. सोडवणाऱ्याचं काम एकच : पहिला सुचलेला अर्थ बाजूला ठेवायचा आणि बंद झालेला अर्थ पुन्हा उघडायचा.

हे मला इतकं छान समजावून सांगता येतं. तरी गेल्या वर्षी पावसाळ्यात मी चुकले, आणि तेही अण्णांच्याच बाबतीत.

मी पेनने लिहिलेलं उत्तर

त्या दिवशी मी दवाखान्यात जायच्या घाईत होते. चप्पल घालताना अण्णा म्हणाले, “ताई, दोन दिवस झाले, चक्कर येतेय.”

“कधी येते?”

“उठताना.”

झालं. माझं निदान तयार होतं. दोन वर्षांपूर्वी अण्णांना कानाच्या दोषामुळे चक्कर आली होती. कानाच्या आत तोल सांभाळणारे अगदी बारीक कण असतात. ते जागेवरून सरकले की अंथरुणात कूस बदलताना, उठताना घर गरगर फिरतं. तेव्हाही अण्णा ‘उठताना’च म्हणाले होते. मानेचे व्यायाम विसरू नका असं सांगून, मागच्या वेळच्या गोळ्या पुन्हा सुरू करून मी निघून गेले. ना नाडी पाहिली, ना रक्तदाब.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आई सहज म्हणाली, “आज यांनी कोडं अर्धंच सोडलंय.”

मी गॅलरीत गेले. पेपर मांडीवर, पेन बंद, अण्णा डोळे मिटून बसलेले. हात हातात घेतला तर तळवा पांढराफटक. नाडी मिनिटाला ११२. बसवून रक्तदाब घेतला तर वरचा आकडा १२४, उभं केल्यावर ९६. आता मी तो प्रश्न विचारला जो चार दिवसांपूर्वी विचारायला हवा होता.

“अण्णा, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?”

“खुर्चीतून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. घर नाही फिरत गं. मीच विझल्यासारखा होतो.”

‘उठताना’ म्हणजे अंथरुणात नव्हे, खुर्चीतून! एका वाक्यात दोन शब्द दुहेरी होते आणि मी दोन्हींचा पहिला अर्थ धरला होता. पुढचं सगळं भराभर उलगडलं. पाच दिवसांपासून शौचाला डांबरासारखी काळी होत होती. आईने जांभळं आणली होती, त्यांनीच असेल असं त्यांनी ठरवलं. गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून मेडिकलमधून तीन आठवडे ‘वाताची गोळी’ आणून घेत होते. मला सांगितलं नाही, कारण मी रागावले असते. ‘वाताची गोळी’ हे गोड नाव. आत होतं जोरदार वेदनाशामक. शिवाय हृदयासाठीची रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळी रोज चालूच होती. दोन्ही मिळून पोटात जखम झाली होती आणि तिथून थोडं थोडं रक्त जात होतं.

हिमोग्लोबिन निघालं ६.९. पुरुषांत ते १३च्या वर असायला हवं. दुर्बिणीने तपासून जठरातली जखम बंद केली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, पाच दिवस ॲडमिट. अण्णा वाचले. आणखी दोन-तीन दिवस मी कानाच्या गोळ्या देत बसले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही रात्री कधीतरी झोप उडवतो. दुसऱ्या कोणाचे वडील असते तर मी टेबलावर झोपवून तपासलं असतं. माझे होते म्हणून दारातूनच निदान केलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी पलंगाशेजारी गप्प बसले होते. ते म्हणाले, “ताई, तू पेनने लिहिलंस.”

आम्हा डॉक्टरांना शिकवतात, की पहिल्या सुचलेल्या निदानाला चिकटून राहणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ते मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

मग चक्कर म्हणजे काय?

१९७२ मध्ये ड्राकमन आणि हार्ट या दोन डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार मांडले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तेच शिकलो :

- आपण किंवा घर गरगर फिरतं : बहुतेक वेळा कानाच्या आतला दोष, कधी मेंदूचा.
- डोळ्यांपुढे अंधारी, आता शुद्ध जाईल असं वाटणं : रक्तदाब, हृदयाचे ठोके, रक्तस्राव, शरीरातलं पाणी कमी होणं.
- डोकं ठीक, पण चालताना तोल जातो : पायांच्या नसा, लहान मेंदू, दृष्टी.
- नुसतं हलकं हलकं, धड सांगता न येणारं : चिंता, जागरण, काही औषधं.

यादी उपयोगी आहे, पण तिच्यावरही पेन टेकवू नये. २००७ मधल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या रुग्णांना हाच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने दोनदा विचारला, तर साधारण निम्म्या लोकांनी दुसऱ्यांदा वेगळा प्रकार निवडला. त्यात रुग्णांचा दोष नाही. जे होतं ते शब्दांत पकडायलाच अवघड आहे. म्हणून आता आम्ही ‘कशी’ याहून जास्त भर तीन प्रश्नांवर देतो : कधीपासून? एका वेळी किती वेळ? कशाने सुरू होते? खुर्चीतून उठल्यावर, कूस बदलल्यावर की काहीही न करता?

चक्करेसोबत अचानक बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर थेट रुग्णालय गाठा. छातीत दुखणं, धडधड, शुद्ध हरपणं, काळी शौचाला होणं या वेळीही घरी वाट बघू नका.

दवाखान्यातली आणखी कोडी

त्या प्रसंगानंतर मी टेबलावर एक छोटी वही ठेवली आहे. पेशंटच्या तोंडून आलेले, दोन-दोन अर्थांचे शब्द त्यात लिहिते. त्यातले काही :

*झटका किंवा अटॅक.* “मामांना झटका आला होता.” हृदयविकार, फिट की अर्धांगवायू? तिन्हींना आपण झटकाच म्हणतो आणि तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन निवडक रुग्णांना पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तिथे शब्दाचा घोळ परवडत नाही.

*उपाशी.* एक मावशी उपाशीपोटी साखर तपासायला आल्या. आकडा भलताच वाढलेला. “सकाळपासून काही खाल्लं नाही ना?” “नाही हो डॉक्टर, आज एकादशी. फक्त साबुदाण्याची खिचडी आणि चहा.” त्यांच्या हिशेबाने त्या खरंच उपाशी होत्या. चूक माझी, मी ‘रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काहीही नाही’ असं सांगायला हवं होतं.

*निगेटिव्ह.* रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हटल्यावर एक ताई रडायलाच लागल्या. निगेटिव्ह म्हणजे वाईट, हा त्यांच्या दृष्टीने सरळ अर्थ. म्हणजे आजार सापडला नाही, हे कळल्यावर त्या हसल्या. तेव्हापासून मी हा शब्द एकटा वापरत नाही.

*गॅस.* छातीत जडपणा, घाम, अस्वस्थ वाटणं. यातलं काही न सांगता “गॅस झालाय” एवढंच सांगितलं, तर समोरचाही गॅसचीच गोळी देईल. ते दुखणं हृदयाचंही असू शकतं.

म्हणून तुम्हाला तीन विनंत्या.

पहिली : आजाराचं नाव सांगू नका, घडलं ते सांगा. ‘झटका आला’ऐवजी ‘डावा हात उचलता येईना’, ‘चक्कर आली’ऐवजी ‘मोरीतून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार झाला’. डॉक्टरांनी घाईत अर्थ लावला असं वाटलं, तर “डॉक्टर, तसं नाही, असं होतं” म्हणायला अजिबात संकोच करू नका.

दुसरी : घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. मेडिकलमधून आणलेली, शेजाऱ्यांनी दिलेली, वाताची, ताकदीची, सगळी. नावं फसवतात, पाकीट फसवत नाही.

तिसरी : निघण्यापूर्वी, डॉक्टरांनी सांगितलेलं तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगा. दोघांच्या मनातला अर्थ एकच आहे का, हे तिथेच कळतं.

आणि स्मरणशक्तीचं काय?

कोड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. “डॉक्टर, कोडी सोडवली तर विसरभोळेपणा टळतो ना?” खरं उत्तर ‘थोडीफार आशा आहे’ एवढंच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी स्मरणशक्ती थोडी घसरलेल्या १०७ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूच्या व्यायामाचे खेळ. ७८ आठवड्यांनंतर कोडीवाल्यांची स्थिती थोडी बरी होती. पण गट लहान होता, आणि काहीच न करणाऱ्यांशी तुलना नव्हती. कोड्याने आजार थांबतो असं त्यातून म्हणता येत नाही.

ज्याचा पुरावा जास्त भक्कम आहे, ते कमी गमतीचं आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठी सवय, कमी झालेली श्रवणशक्ती आणि दृष्टी, एकटेपणा ही त्यातली काही. ही सगळी कारणं दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा कोडं जरूर सोडवा, पण रक्तदाबाची गोळी घेऊन सोडवा. कानाचं यंत्र लावून, नातवाला शेजारी बसवून सोडवा. आणि रोज सहज कोडं सोडवणाऱ्या माणसाने अचानक ते अर्धवट टाकलं, तर त्याकडे लक्ष द्या. आमच्या घरी नाडीच्या आधी कोड्यानेच सांगितलं होतं.

अण्णा आता ठणठणीत आहेत. गुडघ्यांसाठी व्यायाम करतात, ‘वाताची गोळी’ बंद आहे. कोडं अजूनही पेननेच सोडवतात. माझ्या टेबलावर मात्र त्यांनी एक पेन्सिल आणून ठेवली आहे. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी कागदाच्या पाकिटावर त्यांनी माझ्यासाठी एक कोडं लिहिलं होतं. तुम्हाला आता ते लगेच सुटेल :

‘डोक्यात आली तर झोपवते, पायांनी मारली तर तब्येत सुधारते. (३)’

संध्याकाळी जरा ऊन उतरलं की एक मारून या.